मन आणि म्हैस

महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला किल्ल्यावर गेल्यावर छाती फुगवावी लागते. तसा लेखी नियम कुठे नाही, पण सगळे पाळतात. पायथ्याशी लिंबू-सरबत, मध्यावर धाप, माथ्यावर छाती, असा क्रम ठरलेला आहे. मी स्वतः रायगडावर छाती फुगवलेली आहे. तिथे ती आपोआप फुगते. निम्मी इतिहासाने आणि निम्मी चढाने. प्रश्न येतो तो आमच्यासारख्या वऱ्हाडातल्या माणसांचा. आमच्याकडे जमीन सपाट, किल्ले बहुतेक भुईकोट, आणि ते बांधणारे बहुधा 'आपल्या' बाजूचे नव्हेत. अशा ठिकाणी छातीचं काय करायचं, हे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात सांगितलेलं नाही.

हा प्रश्न माझ्या घरात आणला तो आमच्या सौभाग्यवतींच्या धाकट्या बंधूंनी. हे बंधू पुण्याला असतात. दर रविवारी कुठला ना कुठला गड चढतात आणि सोमवारी ऑफिसात लंगडतात. दिवाळीनंतर चार दिवस ते आमच्याकडे खामगावला आले. दुसऱ्याच दिवशी चहाच्या कपातून वर बघत म्हणाले, "काय भावोजी, तुमच्या बुलढाणा जिल्ह्यात किल्लाबिल्ला काही नाही वाटतं?"

त्यातला 'वाटतं' मला लागला.

"सिंदखेडराजा आहे," मी म्हणालो. "साक्षात जिजाऊंचं जन्मस्थान. लखुजी जाधवांचा वाडा आहे."

"ते पाहिलंय. पण तो वाडा झाला. मी किल्ला म्हणतोय, किल्ला!"

सातपुड्यातला मैलगड माझ्या जिभेवर आला होता. पण मैलगड दाखवायचा म्हणजे मैलगड चढायचा, आणि माझ्या गुडघ्यांचा इतिहास मला पाठ आहे. तेवढ्यात मला बाळापूर आठवलं. मी कप खाली ठेवला आणि शक्य तितक्या बेफिकिरीने म्हणालो, "उद्या तुला दोन नद्यांच्या मधला कोट दाखवतो. तीन दरवाजे आहेत, एकाच्या आत एक. पावसाळ्यात एक वाट सोडली तर चहूकडून पाणी."

बाळापूर बुलढाणा जिल्ह्यात नसून अकोला जिल्ह्यात आहे, हे मी सांगितलं नाही. विचारलंही नव्हतं.

खामगावहून अकोल्याच्या रस्त्याला लागलं की बाळापूरला तासही लागत नाही. वाटेत जिल्ह्याची हद्द आली तेव्हा मी मेव्हण्यांना डाव्या हाताचं कपाशीचं शेत दाखवलं. ते शेत पाहत असताना उजव्या हाताची पाटी निघून गेली. अर्थात मी अगदीच खोटं वागलो असं नाही. कोटाला वळसा घालणारी नदी आमच्याच खामगाव तालुक्यातून तिकडे जाते. म्हणजे पाणी आमचं, किल्ला त्यांचा. महाराष्ट्रातले पाण्याचे बहुतेक तंटे याहून कमी आधारावर चालतात.

या नदीचं नाव मन. तिला बाळापूरला येऊन मिळते ती म्हैस. मी थट्टा करत नाही, नकाशात बघा. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूर वसलेलं आहे. आमच्या मेव्हण्यांना हे सांगितल्यावर ते हसले, तशी सौभाग्यवती मागच्या सीटवरून म्हणाल्या, "हसतोस काय? आमच्या घरी तो संगम रोज असतो." यातलं मन कोण आणि म्हैस कोण, हे मी विचारलं नाही.

कोटात जाण्याआधी मी मंडळींना नदीकाठच्या छत्रीकडे नेलं. काळ्या दगडाची छत्री. पंचवीस फूट चौरस आणि तेहतीस फूट उंच. खांबांवर कमानी, वर घुमट, आणि घडण अशी की राजस्थानातून उचलून वऱ्हाडात आणून ठेवावी. ती तशीच आहे, कारण ती मिर्झाराजे जयसिंगांनी बांधली असं सांगतात.

जयसिंगांचं नाव ऐकताच मेव्हण्यांची फुगू पाहणारी छाती थबकली. साहजिकच आहे. याच जयसिंगांनी १६६५ साली पुरंदरला वेढा घातला आणि महाराजांना तहावर सही करायला लावली. तेवीस किल्ले गेले. आपण शाळेत तेवीस किल्ल्यांपाशी थांबतो. पण त्या तहात आणखी एक आकडा आहे: तेवीस किल्ले आणि त्यांच्याभोवतीचा चार लाख होन वसुलाचा मुलूख. महाराजांकडे राहिले ते बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख. म्हणजे तहाच्या बैठकीला तलवारी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि पुढे सरसावले होते ते हिशेबनीस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १६६६ साली महाराज आग्र्याला गेले, कैदेत पडले आणि निसटले. जयसिंगांवर बादशहाची मर्जी खप्पा झाली. दक्षिणेतून त्यांना परत बोलावलं, आणि १६६७ साली बऱ्हाणपुरात ते वारले. दिल्लीच्या तीन पिढ्यांची चाकरी केलेला माणूस घरी पोचलाच नाही. आता त्याची छत्री इथे आणि खाली मन नदी. पुण्याच्या पाहुण्याला मी म्हणालो, "याच्यावर रागवायचं तर रागव. पण सावलीत बसून रागव, ऊन फार आहे."

सावलीत बसल्यावर मी माझा राखीव किस्सा काढला. आग्र्याच्या सुटकेनंतर दोन-तीन वर्षं मोगलांशी समेट झाला होता. त्यात संभाजीराजांना मनसब मिळाली आणि मनसबीच्या खर्चासाठी जहागीर मिळाली ती आमच्या वऱ्हाडात. आपल्या फौजा रीतसर मोगलांच्या चाकरीत होत्या. मग १६६९ च्या सुमाराला औरंगजेबाच्या दफ्तरातल्या कुणाला तरी आठवलं की आग्र्याला येण्यासाठी शिवाजीराजांना एक लाख रुपये आगाऊ दिले होते आणि त्याचा हिशेब आलेला नाही. हुकूम निघाला: वऱ्हाडातल्या जहागिरीतून वसूल करा.

मेव्हणे सरकारी नोकरीत आहेत. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "म्हणजे टी.ए. अ‍ॅडव्हान्सची रिकव्हरी?"

"तंतोतंत. ज्याला बोलावून कैदेत टाकलं, त्याच्याकडून येण्याचा प्रवासखर्च!"

जगात इतका चिकट कारभार करून साम्राज्य टिकत नाही. ही वसुली काही एकटंच कारण नव्हे; पण १६७० उजाडता उजाडता समेट मोडला. फेब्रुवारीत सिंहगड परत घेतला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मराठी फौजा वऱ्हाडात उतरल्या आणि त्यांनी कारंजा लुटलं. सुरतेसारखंच श्रीमंत गाव होतं ते. इथे माझी स्वतःची पंचाईत होते. मराठा म्हणून छाती फुगवावी, की वऱ्हाडी म्हणून हात खिशावर ठेवावा? आमच्याकडे 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' अशी म्हण आहे. कुऱ्हाड सोन्याची हे खरं, पण ती कुणाच्या हातात असायची आणि कुणाच्या पायावर पडायची, तेवढं म्हण सांगत नाही.

तिथून आम्ही कोटाकडे निघालो. गावाच्या कडेला, नद्यांच्या कुशीतल्या उंचवट्यावर हा कोट उभा आहे. भाजलेल्या विटांचं काम. भिंतीच्या आत भिंत, बाहेरचीपेक्षा आतली उंच, म्हणजे शत्रूने बाहेरची घेतली तरी आतल्यांनी त्याच्या डोक्यावर बसावं. वाकडं वळण घेत एकामागून एक दरवाजे. बुरूज अजून दांडगे आहेत. काही ठिकाणी विटा निखळल्यात, फटींतून पिंपळ उगवलेत, आणि पोपटांनी जागा वाटून घेतल्या आहेत. कोटाच्या पायथ्याला बाळादेवीचं देऊळ आहे. तिच्यावरून गावाला बाळापूर म्हणतात. देवी आधीची, कोट नंतरचा. कोणत्याच राजवटीने तिला उठवलं नाही. सगळे वरती नांदले आणि गेले.

कोटाला सुरुवात केली ती औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने, असं मानतात. हा आझमशहा आपल्या ओळखीचा आहे, फक्त आपण ओळख दाखवत नाही. बाप वारल्यावर १६८९ पासून मोगलांच्या छावणीत वाढलेले शाहूराजे, त्यांना १७०७ साली सोडून देणारा तोच. सोडून तो दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेला गेला आणि त्याच वर्षी भावाशी लढताना जाजऊला मारला गेला. शाहूराजे साताऱ्याला छत्रपती झाले. आझमच्या वाट्याला हा अर्धवट कोट. तो पुरा केला एलिचपूरचे नवाब इस्माईल खान यांनी, १७५७ साली. म्हणजे बांधायला घेतल्यापासून पुरं होईपर्यंत निदान पन्नास वर्षं. आमच्या गल्लीतला पाण्याचा पाईप टाकायला तीन वर्षं लागली तेव्हा मी फार ओरडलो होतो; आता ओरडत नाही.

मधल्या काळात, १७२० च्या ऑगस्टमध्ये, याच बाळापूरच्या जवळ एक लढाई झाली. एका बाजूला दिल्ली गाजवणाऱ्या सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान. वयाने विशीचा पोरगा. दुसऱ्या बाजूला मुरलेला निजाम-उल-मुल्क. आलम अलीच्या मदतीला मराठी फौज होती. भर पावसाळा, गुडघाभर काळा चिखल. ज्याने वऱ्हाडातला ऑगस्टमधला चिखल पाहिला आहे त्याला कळेल की तिथे चप्पल निघत नाही, तोफ कुठली निघायला! पोरगा पडला, निजाम जिंकला. चार वर्षांनी, १७२४ साली, आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मुबारिज खानाला हरवलं आणि मग तो दक्षिणेचा खरा धनी झाला. हैदराबादचं जे राज्य १९४८ पर्यंत चाललं, त्याचे दोन्ही पाय असे आमच्या काळ्या मातीत रोवलेले आहेत. आणि आम्ही साखरखेर्ड्याच्या स्टँडवरून जाताना फक्त भजी बरी मिळतील का, एवढंच बघतो.

हे सगळं मी दरवाज्यांच्या वळणावळणाने सांगत होतो आणि मेव्हणे माना डोलावत होते. शेवटच्या दरवाज्यातून आत शिरलो आणि त्यांची मान डोलायची थांबली.

कोटाच्या आत सरकारी कचेऱ्या होत्या.

झाडाखाली सायकली. पायरीवर कापडी पिशव्या घेऊन बसलेली माणसं. कुणाच्या हातात रेशनकार्ड, कुणाच्या हातात पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला कागद. नोटीस बोर्डावर नोटिसांवर नोटिसा. एका बुरुजाच्या सावलीत अर्ज लिहून देणारा बसला होता.

"शी!" मेव्हणे म्हणाले. "किल्ल्याची काय अवस्था केलीय लोकांनी. किल्ल्यात कचेरी!"

मलाही पहिल्यांदा आलो तेव्हा तसंच वाटलं होतं. पण पायरीवर बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की आपलं काहीतरी चुकतंय. सह्याद्रीतला गड लढण्यासाठी असतो. त्याच्याभोवती दऱ्या असतात, पिकं नसतात. सपाटीवरचा कोट कशासाठी? इथे तर चहूकडे मैलोन्‌मैल काळी जमीन. ज्वारी, कापूस. अकबराच्या वेळी नरनाळा सरकारातला सगळ्यांत श्रीमंत परगणा बाळापूरचा, अशी त्याची कीर्ती. हे पीक तलवारीने कापत नाहीत. ते मोजायचं, त्याचा हिस्सा काढायचा, रुपये आणून ठेवायचे आणि ते जपायला तीन दरवाजे लावायचे. कोट म्हणजे तिजोरी. बुरूज हे तिजोरीचे कोपरे आणि नद्या हे कुलूप. मग मोगल आले, निजाम आला. नागपूरकर भोसले आले आणि निजामाबरोबर त्यांनी वसूल वाटून घेतला. त्या कारभाराला आमच्याकडे दोअंमली म्हणत, म्हणजे एकाच गाईला दोघांनी पिळायचं. १८०३ मध्ये आडगावला भोसले इंग्रजांकडून हरले. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांनी जमीन साखळीने मोजली आणि सर्व्हे नंबर घातले. दर वेळी झेंडा बदलला. कारकून बसायची जागा तीच राहिली.

किल्ल्याची कचेरी झालेली नाही, मी मेव्हण्यांना म्हणालो. ही पहिल्यापासून कचेरीच आहे. मधूनमधून इथे लढाई व्हायची, एवढंच.

हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं. ते कुणी ऐकलं का म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. एक म्हातारबुवा ऐकत होते. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर पिशवी.

"काय पाहून राह्यले जी?" त्यांनी विचारलं.

"कोट पाहायला आलो, बुवा. हे पुण्याचे पाहुणे आहेत."

"कोट पाहाले?" ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "आमी तं सत्तर वर्सं येऊन राह्यलो, पन पाह्यला नाई कधी. रांगेतून वर कोन पाह्यते?"

मग गाव कुठलं, आडनाव काय, अशी चौकशी झाली. आमचं मूळ गाव इथून सहा कोसांवर. मी गावाचं नाव सांगितलं तसे ते पुढे झुकले.

"पटवाऱ्याचे नातू का तुमी?"

आता हे मला मेव्हण्यांसमोर नको होतं. आमच्या घरात आजोबांचा फोटो आहे: उपरणं, पगडी, जरबेचे डोळे. ते 'सरकारी कामात' होते, एवढंच आम्ही पाहुण्यांना सांगतो. खरं म्हणजे ते गावचे वतनी पटवारी. तलाठी हा शब्द आमच्याकडे नंतर आला. गावाच्या शेतांच्या नोंदी, पीक, सारा, बाकी, सगळं त्यांच्या दप्तरात. वर्षातून किती वेळा तरी लाल फडक्यात बांधलेलं दप्तर गड्याच्या डोक्यावर देऊन ते बैलगाडीने याच बाळापूरला यायचे. कदाचित याच दरवाज्यांतून.

"हो," मी म्हणालो.

"माह्या बाबानं पाह्यले होते तुमचे आजे. सांगे आमाले." म्हातारबुवा हसले. दात दोनच होते, पण हसू पुरं होतं. "म्हने, पटवाऱ्याचं अक्षर लय झाक. मोत्यावानी. बाबाले वाचता येत नोतं ना! पन अक्षर झाक हाये, तेवढं समजे."

मी काही बोललो नाही.

"एका सालच्या बाकीत दोन एकर गेलं आमचं. नदीकाठचं. कागदावर अंगठा देल्ला बाबानं. मंग बाहेर येऊन म्हने, कायले रडता? लिवलं किती सुंदर हाये!"

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गावच्या जत्रेची आठवण सांगावी तसं सांगितलं. तेवढ्यात आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. ते त्यांचंच होतं. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाले, "पाहा, पाहा. निवांत पाहा कोट. तुमच्या आज्याचाच हाये."

ते आत गेले. आमचे मेव्हणे, जे कधी गप्प बसत नाहीत, ते गप्प बसले होते. सौभाग्यवतींनी पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको कधी पाणी देते आणि कधी टोमणा, याचं शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रात ती सहसा चुकत नाही.

इतका वेळ मी शोधत होतो की हा किल्ला कुणाचा. आझमशहाचा, नवाबाचा, निजामाचा, भोसल्यांचा, इंग्रजांचा; आपला नक्की नाही, म्हणून छातीचा प्रश्न. आणि दोन दातांच्या एका माणसाने तीन वाक्यांत उत्तर देऊन टाकलं. बादशहा इथे येऊन कधी कुणाचे दोन एकर मोजत नव्हता. मोजणारे आमच्याच घरातले होते. मराठी बोलणारे, स्नानसंध्या करणारे, अक्षर मोत्यासारखं काढणारे. आजोबांनी नियमाबाहेर काही केलं असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक त्यांनी नियमाप्रमाणेच केलं असणार. ते जास्त वाईट की कमी, हे मला पायरीवर बसून ठरवता आलं नाही.

परतताना आम्ही संगमाकडे थांबलो. उन्हं उतरली होती. पाणी फार नव्हतं. मन कुठली आणि म्हैस कुठली, ते जिथे मिळतात तिथून पुढे कळत नाही. पुढे ते पूर्णेला जातं, पूर्णा तापीला, तापी सुरतेजवळ समुद्राला. कारंज्याची लूट गेली आणि आमचं पाणीही गेलं, दोन्ही पश्चिमेलाच. पात्रात खरोखरीच्या चार म्हशी डुंबत होत्या. मागे कोटाची भिंत तांबूस झाली होती, आणि मानायला हरकत नाही, ती देखणी दिसत होती. लिवलं किती सुंदर हाये.

गाडी सुरू केल्यावर मेव्हणे म्हणाले, "भावोजी, एक विचारू? येताना ती जिल्ह्याची पाटी मी पाहिली होती. हा किल्ला अकोला जिल्ह्यात आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"मग तुमचा कसा?"

सकाळी विचारलं असतं तर मी पाण्याचा मुद्दा काढला असता.

"आमचाच आहे," मी म्हणालो. या वेळी छाती फुगवली नाही.